नहराच्या रस्त्यानं मासोळीचं बीज

मूल गावच्या बाजाराच्या रस्त्याला माझं सायकलीचं दुकान आहे. सायकलवाला म्हणजे पंक्चर काढणारा आणि हवा भरणारा, असं लोक समजतात. ते मी करतोच. पण माझा खरा धंदा ओझ्याचा. सायकलीवर काय बसवायचं, कुठं बसवायचं, आणि ते घरी पोचेपर्यंत जागचं हलणार नाही असं कसं करायचं, हे ठरवायचं आणि त्याप्रमाणं लोखंड वाकवून, वेल्डिंग मारून द्यायचं. धान, सरपण, बांबू, दुधाचे कॅन, मधाचे डबे, कुल्फीची पेटी, एकदा तर आजारी बकरी. या भागात सायकलीवर जात नाही अशी वस्तू मी पाहिलेली नाही.

माझ्या स्वभावाच्या माणसानं या धंद्यात पडायला नको होतं. माझ्या हातचं कॅरिअर लावलेली सायकल कुठंही आडवी झाली की ती मीच पाडली असं मला वाटतं. एक अंडीवाला कुत्रं मध्ये आल्यामुळं पडला. तो स्वतः कुत्र्यालाच शिव्या देत होता. मी मात्र कितीतरी दिवस मनात टोपली जराशी खाली बसवून पाहत होतो. बायको म्हणते, "तुमचं चाललं तं त्या कुत्र्याचीही माफी मागून यान." ती चुकीचं बोलत नाही. केलेल्या कामाचा अभिमान आणि कामाचा घोर हे दोन्ही मला एकाच वेळी होतात, आणि त्यातलं कोणतं जास्त आहे ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी धंद्याच्या दोन गोष्टी सांगतो. ओझं जितकं खाली आणि चाकाच्या जितकं जवळ, तितकी सायकल शहाणी. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. हँडलला काही लटकवायचं नाही, पिशवीसुद्धा नाही, कारण वळताना तीच सायकल वळवते. दोरीपेक्षा जुन्या ट्यूबची पट्टी बरी. दोरी रस्त्यात ढिली पडते, ट्यूब धरून ठेवते. नागपूरकडून ताडोबा पाहायला सायकलीवर येणारी तरुण मुलं पाठीवर मोठाल्या बॅगा घेऊन येतात आणि कंबर धरून माझ्या बाकावर बसतात. मी त्यांना सांगतो की सायकलीला चाकं आहेत, तुमच्या पाठीला नाहीत. बॅग काढून मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वाटून दिली की ती हसतात आणि फोटो काढतात.

पण सगळ्यात आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो तो प्रश्न वेगळाच असतो. काय न्यायचं, हे नंतर. आधी, रस्ता कोणता? हे मला एटापल्लीकडच्या एका आरोग्य सेवकानं शिकवलं. लसींची पेटी न्यायला मी त्याला असं भक्कम कॅरिअर करून दिलं की पेटी भूकंपातही सुटली नसती. महिन्याभरानं तो परत आला. म्हणाला, "भाऊ, पेटी सुटतच नाई ना. मधात नाला लागते. तिथी सायकल खांद्यावर घ्या लागते, पेटी डोक्यावर. पानी चढून राह्यलं, आन् मी काठावर गाठी सोडत बसलो." तेव्हापासून मी रस्ता विचारायला लागलो. ओझं रस्त्याच्या सगळ्यात वाईट जागेसाठी बांधायचं असतं.

एवढं शिकूनही पारबताबाईंना मी रस्ता विचारला नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपून बांध हिरवे झाले होते. पारबताबाई एक लेडीज सायकल ढकलत दुकानात आल्या. मूलपासून आत, तलावाच्या काठी त्यांचं गाव. घर ढिवराचं, म्हणजे तलावातली मासेमारी हाच पिढ्यांचा धंदा. नवरा सोमाजी उन्हाळ्यात वारला होता. सायकल मुलीची, तिला शाळेत असताना मिळालेली. मुलगी आता लग्न होऊन सासरी होती.

"भाऊ, याच्यावर दोन हंडे बसवून द्या," त्या म्हणाल्या. "जर्मनचे. मासोळीचं बीज न्याचं आहे."

जर्मनचे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे. आणि बीज म्हणजे माशांची बारीक पिल्लं, रोहू आणि कतल्याची, बोटाच्या पेराएवढी. तलावात दरवर्षी ती सोडावी लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी जाळ्याला काही लागतं. आजकाल हे बीज प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून पिकअपनं येतं. मी तसं म्हणालो.

"पिकअप माझ्या देरानं केली आहे. माझं बीज त्याच्या गाडीत आलं तं ते त्यानं आनलं असं होईन."

मग त्यांनी गावची रीत सांगितली. तलावात ज्या घरानं आपल्या हातानं बीज सोडलं, त्या घराला वर्षभर जाळं टाकायचा हक्क. घरातला माणूस गेला आणि बीज दुसऱ्यानं सोडलं, की हक्कही दुसऱ्याकडं गेला. दीर, बुधाजी, गोड बोलून म्हणाला होता, वहिनी, तू काऊन त्रास घेते, मी टाकतो ना तुझ्या वाट्याचं. मूलच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मच्छीमार संस्थेची माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जमणार होती. त्या दिवशी पारबताबाईंचं बीज जिवंत पोचलं नाही तर त्यांच्या घराचं जाळं तिथंच संपणार होतं. पुढं मासे विकायचे ते दिराकडून विकत घेऊन.

"सोमाजीभाऊ कशावर नेत?" मी विचारलं.

"त्याच्या मोठ्या काळ्या सायकलवर. ते आता देराच्या घरी उभी आहे. आन् माह्याकडं असती तरी काय, लुगड्यावर त्या दांड्यावरून पाय टाकू का मी?"

मला काम आवडलं. लेडीज सायकलीचा सांगाडा खाली वाकलेला, कॅरिअर नाजूक, आणि पाणी हे सगळ्यात बेइमान ओझं. धानाचं पोतं बसलं की बसलं. पाणी मात्र तुम्ही डावीकडं वळलात की उजवीकडं जातं. त्यात पुन्हा जीव. मी सगळी हुशारी पणाला लावली. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कडी, कड्यांच्या खाली स्कूटरच्या जुन्या सीटमधल्या स्प्रिंगा, आतून काथ्या, वरून ट्यूबचं रबर. हंडे काठोकाठ भरून बसवले आणि दुकानासमोरच्या खड्ड्यातून सायकल नेली. पाण्यावर सुरकुती उठली नाही. आवाज म्हणाल तर शून्य. शेजारचा चहावाला म्हणाला, "मोरेश्वरभाऊ, याच्यावर तं मीच बसून जातो." मला इतकं बरं वाटलं की रंगही मीच दिला, निळा.

बाजाराच्या आदल्या दिवशी पारबताबाईंनी बीज केंद्रावरून थोडं बीज घेऊन चाचणी केली. केंद्रावरचा माणूस नवा, त्याला फक्त पिशव्यांचं माहीत. सांभाळून न्या, एवढंच त्यानं सांगितलं. बाईंनी सांभाळूनच आणलं. सपाट डांबरी रस्त्यानं, हळूहळू, दुकानापर्यंत. हंड्यावरचं ओलं फडकं आम्ही दोघांनी मिळून काढलं.

पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

दुसऱ्या हंड्यात काही जिवंत होती, पण पाण्याच्या वर तोंडं काढून नुसती उघडझाप करत होती. बाईंनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग निळ्या कड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "भाऊ, तुमी तं पारनाच बनवला. पोरं झोपली त्याच्यात."

पारना म्हणजे पाळणा. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

जी थोडी जगून होती ती वाचावीत म्हणून मी पंक्चरचं घमेलं धुतलं, हापशीचं ताजं पाणी भरलं आणि पिल्लं त्यात ओतली. ती तिथंही वरच आली. मी कारणं शोधायला लागलो. हंड्याला साबण राहिला असेल. रंगाचा वास उतरला असेल. माझ्या हाताला ग्रीस होतं. बाई म्हणाल्या, "ग्रीस हंड्याच्या आत गेलं का? उगाच सगळं आपल्यावर काऊन घेता?" मी म्हणालो, "मग दुसऱ्या कोणावर घेऊ?" त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, पण हसणं टिकलं नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक ट्यूब घेऊन आलं. मी डोकं ठिकाणावर नसताना ट्यूब फुगवली आणि सवयीनं घमेल्यात बुडवली. आत पिल्लं आहेत हे विसरूनच. भोकातून बुडबुड्यांची माळ वर आली. मी ट्यूब ओढून काढणार होतो, तर बाई ओरडल्या, "राहू द्या! राहू द्या!"

सगळी पिल्लं बुडबुड्यांकडं निघाली होती. आधी दोन-चार, मग सगळीच. भोकाभोवती ती अशी जमली जशी पोरं कुल्फीवाल्याभोवती जमतात. जरा वेळानं त्यांची तोंडं वर यायची थांबली. ती खाली गेली, वळायला लागली, पळायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, माह्या पंक्चरचं काय?" मी म्हणालो, "थांब. तुझ्या पंक्चरवर जीव जगून राह्यले."

आता मला कळलं. पाण्यातली हवा संपली होती. पाणी हललं, फेसाळलं, आपटलं, तर त्यात नवी हवा शिरते. मी हंडे काठोकाठ भरले, वरून पाण्याला सुरकुतीही पडू दिली नाही. डबक्यासारखं मेलेलं पाणी केलं आणि त्यात त्यांना कोंडलं. आणि त्याला मी कारागिरी म्हणत होतो.

तेव्हा कुठं मी तो प्रश्न विचारला. "बाई, सोमाजीभाऊ कोणत्या रस्त्यानं जात?"

पारबताबाईंचा चेहरा बदलला.

"नहराच्या," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं कालव्याला नहर म्हणतात. त्याच्या काठचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि खाचा. गावाला डांबरी रस्ता असताना त्या वाटेनं बैलसुद्धा खुशीनं जात नाही.

"तिथी एक म्हातारी राह्यते," बाई घमेल्याकडं पाहत सांगू लागल्या. "मोहाची दारू काढे ते. पूर्ण गाव सांगे, सोमाजी नहराकून काऊन जाते ते आमाले माहीत आहे. मी किती भांडली त्याच्यासंगं. चांगला डांबरी सोडून तिकून काऊन जातं? तो हासे नुसता. म्हने, तुले नाई समजाचं. मी म्हटलं, समजते मले, चांगलं समजते. दोन दोन दिवस बोलली नाई मी त्याच्याशी."

 मी कामाचंच बोललो. "खाचांतून हंडे आपटत असतील. पाणी हलत असेल."

"पेत नसन म्हणता?"

"ते मला कसं माहीत, बाई? बीज जगत होतं एवढं सांगतो."

त्या उठल्या. "खोला तुमचा पारना," म्हणाल्या.

स्प्रिंगा काढल्या, काथ्या काढला. पंचवीस-तीस वर्षं मी लोकांच्या सायकलींचा खडखडाट बंद करत आलो, आणि त्या दिवशी मला तो मुद्दाम बसवायचा होता. पण नुसतं ढिलं सोडून चालणार नव्हतं. हंडे आडवे डोलले असते तर बाई पहिल्याच वळणावर नहरात. म्हणून कडी अशी केली की हंडा बाजूला तसूभर सरकणार नाही, पण खाली-वर मात्र उडेल. तळाशी लोखंडाची पट्टी, त्यावर तो धडाधडा आपटेल. पाणी काठापर्यंत भरायचं नाही, वर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे उसळायला वाव. कडी आणखी खाली घेतली, पायडल मारताना टाच लागणार नाही एवढीच जागा ठेवून. ही माझ्या हातची सगळ्यात चांगली वस्तू. हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही. पंक्चरवाल्याला सोडल्यावर मी दिवसभर दुसऱ्या कोणाच्या सायकलीला हात लावला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी माझी सायकल घेऊन केंद्रावर गेलो. पारबताबाई नको म्हणत होत्या, पण मला दुकानात बसवलं नसतं. बीज भरलं, फडकी बांधली आणि आम्ही नहराचा रस्ता धरला. पहिल्याच खाचेत जो आवाज झाला, त्यानं बांधावरचे बगळे उडाले. धडाड, खळ्ळ, धडाड. माझा जीव प्रत्येक आवाजाला वर जात होता. एका मोरीवर सायकल डगमगली. मी पुढं होऊन मागून कॅरिअर धरलं.

"भाऊ, हात सोडा!" त्या मागं न पाहता ओरडल्या. "तुमी धरलं की पानी थांबते!"

मी हात सोडला. माझ्यासाठी ते किती अवघड होतं हे आतापर्यंत वाचकांना कळलं असेल.

त्या म्हातारीची झोपडी आली. आम्ही पोचायच्या आधीच म्हातारी बाहेर येऊन रस्त्यावर उभी होती, डोळ्यांवर हात धरून. "कोन आहे वं?" ती ओरडली. "मले वाटलं सोमाजीच आला! आवाज तोच!"

पारबताबाईंनी पायडल थांबवलं नाही. "मी त्याची बायको!" त्या ओरडल्या. "थांबता नाई येत, माय! बीज आहे!"

"माहीत आहे मले!" म्हातारी आमच्या बाजूनं चालायला लागली, मग पळायला. "तोही नाई थांबे! किती म्हटलं, पानी तं पी, बस जरासा. म्हने, थांबलो का बीज मरते! तो सायकलवरूनच लोटा घे, पानी पे, आन् लोटा पुढं फेकून दे! किती लोटे चेपले माह्ये!"

ती मागं पडली.  मला पारबताबाईंची पाठ तेवढी दिसत होती. त्या जोरात पायडल मारायला लागल्या, खाचा चुकवायच्या सोडून नेमक्या खाचांतून.

पाळीवर संस्थेची माणसं जमली होती. बुधाजीच्या पिशव्या केव्हाच सोडून झाल्या होत्या. आवाज ऐकून सगळे वळले. "वहिनी," बुधाजी म्हणाला, "बीज आनलं का वरातीचा बँड?" लोक हसले. "उघडून तं पाहा आधी," पारबताबाई म्हणाल्या आणि सायकल माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच.

हंडे उतरवून त्यांनी काठाच्या पाण्यात ठेवले. तलावाचं पाणी ओंजळीनं थोडं थोडं हंड्यात घातलं, म्हणजे पिल्लांना एकदम गार-गरम होत नाही. तेवढा वेळ मी कुठंतरी दुसरीकडं पाहत होतो. फडकं निघाल्याचा आवाज आला. मग मी पाहिलं.

हंड्यात काळ्या रेघाच रेघा पळत होत्या. पोट वर केलेली अगदी थोडी. संस्थेचे अध्यक्ष वाकले, हात घातला, ओंजळीतून पिल्लं निसटताना पाहत राहिले. "सोमाजीचं बीज असंच ये," म्हणाले. "नाचत."

पारबताबाईंनी दोन्ही हंडे आपल्या हातानं आडवे केले. दुसऱ्या हंड्याला हात लावायला बुधाजी पुढं झाला होता. त्या म्हणाल्या, "राहू दे, बाबू. तू जाळ्याच्या वेळी ये. जाळं ओढाले मानसं लागतीन मले." तो ओशाळला, पण हो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वाटलं होतं की हे वहिनीकडून होणार नाही.

निघताना रिकामे हंडे मी पुन्हा कड्यांत बसवले. रबर लावून आवाज बंद करून देऊ का, असं विचारलं. परतीला बीज नव्हतं, आणि सवय जात नाही.

"नको," त्या म्हणाल्या, आणि सायकल गावाकडं न वळवता नहराकडं वळवली.

"बाई, घर तर इथंच आहे. आता तिकडून कशाला?"

"म्हातारीकडं जाऊन येतो. नवा लोटा घेतला आहे का तिनं, पाहतो." त्यांनी पायडलवर पाय ठेवला. "आता थांबता येते ना, भाऊ."

मी पाळीवरच उभा राहिलो. रिकाम्या हंड्यांचा आवाज भरलेल्यांपेक्षा मोठा येतो. नहराच्या काठानं तो बराच वेळ येत राहिला, आणि मग एका जागी थांबला.